दगडातले तारुण्य, नाटकातले म्हातारपण

रोमला व्हॅटिकनच्या संग्रहालयात सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराचा एक संगमरवरी पुतळा आहे. उंच, भरदार छातीचा माणूस. दाढी नीट राखलेली, एक हात अंगावरच्या वस्त्रात गुंडाळलेला, दुसरा कमरेवर. बघणाऱ्याला वय वाटते पंचेचाळीस-पन्नास. अथेन्सच्या लायकर्गस नावाच्या पुढाऱ्याने इ. स. पूर्व ३३० च्या सुमारास एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघा नाटककारांचे ब्राँझचे पुतळे तिथल्या थिएटरात बसवले होते. व्हॅटिकनमधला पुतळा त्यांपैकी सोफोक्लीसच्या पुतळ्याची नक्कल असावी, असे जाणकार मानतात.

आता दुसरी गोष्ट पाहा. सोफोक्लीस सुमारे नव्वद वर्षे जगला. इ. स. पूर्व ४०६ च्या सुमारास तो वारला, आणि शेवटच्या वर्षांत त्याने 'ईडिपस कोलोनस येथे' हे नाटक लिहिले. ते रंगमंचावर आले इ. स. पूर्व ४०१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि ते आणले त्याच्याच नावाच्या त्याच्या नातवाने. नाटकाचा नायक कोण? एक म्हातारा, आंधळा, घरातून हाकललेला माणूस, जो मुलीचा हात धरून परक्या गावात येतो आणि मरायला जागा मागतो. ज्याने नव्वदीच्या घरात हे नाटक लिहिले, त्याला त्याच्या शहराने ब्राँझमध्ये घडवले तेव्हा त्याच्या वयातली चाळीस वर्षे वजा केली.

आमच्या मते ग्रीक कलेतली ही सगळ्यात बोलकी विसंगती आहे. ग्रीकांचा दगड म्हातारपणाकडे पाठ फिरवतो. ग्रीकांचे नाटक म्हाताऱ्यांवाचून उभेच राहत नाही. एकाच शहरात, एकाच शतकात, एकाच टेकडीच्या वर आणि खाली हे घडत होते. वर पार्थेनॉनचे देऊळ आणि त्यातली तरुण शरीरे, खाली दक्षिण उतारावर डायोनायससचे थिएटर आणि त्यात काठी टेकत येणारे म्हातारे. आपल्यापैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा या दोन कलांकडे आपण आपल्या वयाच्या नजरेने पाहिले, तर ते गैर होणार नाही.

कोणी विचारील, ग्रीकांशी आपले काय नाते? दरवर्षी हनुक्काचे दिवे लावताना आपण अंत्युखस राजाची आठवण काढतो. एका परंपरेनुसार तर त्याच्याच जुलुमामुळे आपले पूर्वज गलीलातून निघाले आणि गलबत फुटून कोकणाच्या किनाऱ्याला, नवगावला लागले. मूर्तिपूजकांच्या पुतळ्यांचे कौतुक आपण का करावे? प्रश्न योग्य आहे. पण त्याचे एक उत्तर आपल्याच लोकांनी देऊन ठेवले आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, बहुधा मिसरातल्या अलेक्झांड्रियात, एझेकिएल नावाच्या ज्यू कवीने मिसरातून सुटकेची कथा ग्रीक नाटकाच्या रूपात, ग्रीक भाषेत लिहिली. तिच्या २६९ ओळी आज उरल्या आहेत. त्यात मोशे आपली हकीकत स्वतः सांगतो, आपले स्वप्न सांगतो, आणि त्याचा वृद्ध सासरा त्या स्वप्नाचा अर्थ लावतो. जळत्या झुडपातून देव बोलतो, पण दिसत नाही. फक्त आवाज ऐकू येतो. म्हणजे ग्रीकांच्या दोन कलांपैकी पुतळा या कवीने सोडला आणि नाटक घेतले. आपण पुतळ्यांकडे पाहायला हरकत नाही, पूजा करायची नाही एवढेच. आणि नाटक तर आपल्या माणसाने आधीच आपलेसे केलेले आहे.

प्रथम दगडाकडे वळू. ग्रीक शिल्पाची सुरुवातच तरुणापासून होते. इ. स. पूर्व सहाव्या शतकात देवळांपुढे आणि कबरींवर उभा नग्न तरुण घडवीत, त्याला 'कूरोस' म्हणतात. हात मांडीलगत, डावा पाय पुढे, ओठांवर किंचित हसू. मेलेला माणूस कोणत्याही वयाचा असो, त्याच्या कबरीवर असा तरुण उभा राहू शके. पुढच्या शतकात शरीर अधिक खरे झाले, स्नायू अधिक नेमके झाले, पण वय तेच राहिले. पार्थेनॉन इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. त्याच्या भिंतीवरून सुमारे १६० मीटर लांबीची कोरीव मिरवणूक चालली आहे. तिच्यात घोडेस्वार आहेत, वाजंत्री आहेत, बळीची जनावरे आहेत, आणि वडीलधारी मंडळीसुद्धा आहेत. पण त्या वडीलधाऱ्यांना ओळखायचे कसे, तर दाढीवरून. गालावर सुरकुती नाही, पाठीला बाक नाही. दाढी काढली तर ते घोडेस्वारांचेच भाऊ.

याहून चटका लावणारे उदाहरण अथेन्सच्या केरामेइकोस या जुन्या कब्रस्तानात सापडले. इ. स. पूर्व ४१० च्या सुमाराचा कबरीचा दगड आहे, ॲम्फारेटी नावाच्या स्त्रीचा. ती खुर्चीवर बसली आहे आणि मांडीवर तान्हे मूल आहे. पाहणारा सहज म्हणेल, आई आणि बाळ. पण वर कोरलेल्या ओळी सांगतात की हे तिच्या मुलीचे मूल आहे. दोघे जिवंत असताना ती त्याला असेच मांडीवर घेई, आणि आता दोघेही गेल्यावरही तिने त्याला धरले आहे. म्हणजे ही आजी आहे. चेहरा मात्र तरुणीचा. नातवावरची माया तिने लेखातून सांगितली आहे, पण आजीपण दगडात उतरू दिलेले नाही.

याचे कारण ग्रीकांना म्हातारी माणसे दिसत नव्हती असे नाही. त्यांच्या लेखी पुतळा म्हणजे माणसाचा उत्तम क्षण कायमचा धरून ठेवणे. देवांना वय नसते, आणि माणूस देवाच्या जवळ जातो तो फुललेल्या वयात, अशी त्यांची समजूत होती. या समजुतीने त्यांनी जे घडवले त्याच्या सौंदर्याबद्दल वाद नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग त्या शहराच्या दगडात आलाच नाही.

तो भाग नाटकात आला. ग्रीक नाटक कसे चाले हे थोडक्यात सांगतो. वसंतात डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरे. त्यात तीन नाटककारांची स्पर्धा होई. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि शेवटी एक हलकेफुलके नाटक द्यायचे. प्रेक्षक टेकडीच्या उतारावर उघड्यावर बसत, हजारोंच्या संख्येने. सगळ्या भूमिका पुरुष करीत, आणि बोलणारे नट फक्त तीन. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मुखवटा असे, त्यामुळे एकच नट आता राणी, मग जासूद, मग म्हातारा होऊ शके. पुढच्या काळात, इ. स. दुसऱ्या शतकात, पोलक्स नावाच्या लेखकाने शोकांतिकेच्या २८ मुखवट्यांची यादी दिली आहे. त्यांतले सहा म्हाताऱ्या पुरुषांचे आहेत. पांढरे केस, पिकलेली दाढी, उतरलेले गाल हे सारे मुखवट्यावर आले. जे पुतळ्याला चालत नव्हते ते मुखवट्याला चालले.

नटांखेरीज एक कोरस असे, आधी १२ जणांचा, पुढे १५ जणांचा. आपल्या पिढीने कीर्तने ऐकली आहेत. आपल्या समाजातही तौरातमधल्या आख्यानांवर कीर्तने होत. कीर्तनकार कथा सांगतो आणि मागचे साथीदार ध्रुपद उचलून धरतात. कोरसचे काम काहीसे असेच, पण एक फरक आहे. कोरस कथेच्या बाहेर उभा नसतो. तो त्याच गावाचा असतो, त्याला भीती वाटते, तो प्रश्न विचारतो, चुकीची समजूत करून घेतो. आणि हा कोरस कितीतरी नाटकांत गावच्या म्हाताऱ्यांचा आहे. गाणे आणि नाचणे कष्टाचे, त्यामुळे ही कामे करणारे नागरिक बहुधा धडधाकट वयाचे असत. म्हणजे उत्सवापूर्वी कित्येक दिवस अथेन्सच्या धडधाकट लोकांनी म्हाताऱ्यासारखे चालणे, म्हाताऱ्यासारखे विचार करणे शिकायचे. शहराने त्यासाठी श्रीमंतांकडून खर्च करवून घेतला. आम्हांला ही गोष्ट एखाद्या मोठ्या देवळाइतकीच मोलाची वाटते.

एस्किलसच्या 'पर्शियन' या नाटकात (इ. स. पूर्व ४७२) कोरस आहे तो शत्रूच्या दरबारातल्या वृद्धांचा. आठच वर्षांपूर्वी पर्शियनांनी अथेन्स जाळले होते. तरीही एस्किलस त्यांच्या म्हाताऱ्यांना रंगमंचावर आणतो आणि त्यांची न परतलेली मुले कोण कोण, हे एकेकाचे नाव घेऊन विचारायला लावतो.

त्याच्याच 'ॲगामेम्नॉन' मध्ये (इ. स. पूर्व ४५८) कोरस आर्गोस गावच्या म्हाताऱ्यांचा आहे. दहा वर्षांपूर्वी सगळे सैन्य ट्रॉयला गेले आणि हे वयामुळे मागे राहिले. आपण काठीसकट तीन पायांवर चालतो, आपले बळ लहान मुलाइतके, असे ते स्वतःच सांगतात. पण आठवण त्यांच्याजवळ आहे. युद्धाला निघताना राजाने आपल्या मुलीचा बळी दिला होता, हे ते विसरलेले नाहीत. राजा परत येतो, राणी त्याला आत नेते, आणि आतून त्याची किंकाळी ऐकू येते. मग बाराही म्हातारे एकेक करून बोलतात. कोणी म्हणतो लोकांना बोलवा, कोणी म्हणतो आत शिरा, कोणी म्हणतो आधी खात्री करून घ्या. बोलणे संपेपर्यंत दार उघडते आणि राजा मेलेला असतो. काही टीकाकारांना हा प्रसंग हास्यास्पद वाटतो. आम्हांला तो खरा वाटतो. सगळे ठाऊक असणे आणि हातून काही न होणे, हा म्हातारपणाचा अनुभव आहे, आणि एस्किलसने तो लपवलेला नाही. शेवटी खुनाचा साथीदार एजिस्थस तुरुंगाची धमकी देतो, तेव्हा हेच म्हातारे त्याच्यासमोर उभे राहून त्याला उलट उत्तर देतात.

विनोदी नाटकातही हेच. ॲरिस्टोफेनीसच्या 'गांधीलमाश्या' या नाटकात (इ. स. पूर्व ४२२) एका म्हाताऱ्याला कोर्टात पंच म्हणून बसण्याचे व्यसन आहे. मुलगा त्याला घरात कोंडतो आणि घराभोवती जाळे लावतो. म्हातारा धुराड्यातून बाहेर पडू पाहतो आणि पकडल्यावर सांगतो की मी धूर आहे. मग गाढवाच्या पोटाखाली लटकून निसटायचा प्रयत्न करतो. शेवटी मुलगा घरातच कोर्ट भरवतो आणि चीज चोरल्याबद्दल घरच्या कुत्र्यावर खटला चालवतो. सगळे थिएटर हसले असेल. पण 'आता तुम्ही घरीच बसा, तुम्हांला काय कमी आहे' हे वाक्य ज्याने मुलाकडून ऐकले आहे, त्याला त्या हसण्यातली कळ समजेल.

पुतळ्याची बाजू अगदीच रिकामी आहे असे मात्र नाही. दोन अपवाद सांगायलाच हवेत, आणि दोन्ही आम्हांला नाटकाचे नातेवाईक वाटतात.

पहिला ऑलिंपियाचा. तिथे झेउसचे देऊळ इ. स. पूर्व ४५६ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या पूर्वेकडच्या दर्शनी बाजूला, छताखालच्या त्रिकोणात, रथाच्या शर्यतीची तयारी कोरली आहे. राजा इनोमाउसची अट अशी की जो शर्यतीत मला हरवील त्याला मुलगी देईन, हरेल त्याला ठार मारीन. बरेच तरुण असे मेले. आता पेलॉप्स आला आहे. मध्ये देव, दोन्ही बाजूंना ताठ उभे असलेले वीर, मग घोडे. आणि घोड्यांच्या मागे जमिनीवर एक म्हातारा बसला आहे, भविष्य जाणणारा. टक्कल पडलेले, छाती लोंबलेली, पोटाला वळ्या, उजव्या हाताची मूठ गालाजवळ गेलेली. ग्रीक दगडात याच्याआधी असे शरीर क्वचितच कोणी कोरले असेल. पुढे बाकी सगळे शर्यतीची वाट पाहत आहेत, आणि त्या एकट्याला शेवट दिसलेला आहे.

शेवट काय? कथेच्या एका प्रकारात पेलॉप्स राजाच्या सारथ्याला फितवतो, रथ मोडतो, राजा मरतो. मग पेलॉप्स त्या सारथ्यालाच समुद्रात ढकलतो, आणि मरता मरता तो पेलॉप्सच्या कुळाला शाप देतो. पेलॉप्सचा मुलगा आत्रेउस, आणि आत्रेउसचा मुलगा ॲगामेम्नॉन. म्हणजे ऑलिंपियाचा म्हातारा ज्या घराण्याच्या सुरुवातीकडे पाहतो आहे, त्याच घराण्याचा शेवट आर्गोसचे म्हातारे दाराबाहेर उभे राहून ऐकत आहेत. देऊळ आणि नाटक यांच्यात जेमतेम दोन वर्षांचे अंतर. शिल्पकाराने नाटक पाहिले होते असा आमचा दावा नाही. पण ज्याला कळते आणि ज्याच्या हातात काही नाही, असा माणूस दाखवायचा तर तो म्हाताराच लागतो, हे दोघांनाही उमगले होते.

दुसरा अपवाद अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात आहे. इलिसोस नदीच्या पात्रात सापडलेला, इ. स. पूर्व ३४० च्या सुमाराचा कबरीचा दगड. डावीकडे मेलेला तरुण, सुंदर, नग्न, आपल्याकडे पाहतो आहे. त्याच्या पायाशी लहानगा नोकर पोरगा गुडघ्यांत डोके घालून बसला आहे, जवळ कुत्रा आहे. उजवीकडे काठीवर टेकलेला बाप, हात दाढीजवळ नेलेला, मुलाकडे टक लावून. मुलगा बापाकडे पाहत नाही. कबर मुलाची आहे, पण आपली नजर ठरते ती बापावर. पोटच्या मुलाला पुरण्याचे दुःख आपल्या देशात कितीतरी घरांनी सोसले आहे. त्यांना या दगडाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

यानंतरच्या शतकांत ग्रीक शिल्पकारांनी म्हातारपण उघडपणे कोरायला सुरुवात केली. म्युनिकच्या ग्लिप्टोटेकमध्ये एका दारू प्यायलेल्या म्हातारीचा पुतळा आहे, मूळ ग्रीक पुतळ्याची रोमन काळातली नक्कल. ती जमिनीवर बसून दारूचे भांडे कवटाळते आहे, मान मागे टाकलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, खांद्यावरून वस्त्र ओघळलेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वाकलेल्या पाठीची एक म्हातारी आहे, हातात फळे आणि कोंबड्या घेऊन निघालेली. कारागिरी थक्क करणारी आहे. एकही सुरकुती सुटलेली नाही.

पुष्कळ पुस्तकांत याला प्रगती म्हटलेले असते, की आता कला खऱ्या आयुष्याच्या जवळ आली. आम्हांला हे अर्धेच पटते. ऑलिंपियाच्या म्हाताऱ्याच्या पोटाला वळ्या आहेत, पण आपण थांबतो ते त्याला काय कळले आहे या विचाराने. म्युनिकच्या म्हातारीकडे पाहताना आपण तिच्या गळ्याच्या शिरा मोजतो. ती काय म्हणत असेल हे विचारायची सोय शिल्पकाराने ठेवलेली नाही. सुरकुत्या दाखवणे आणि माणसाला बोलू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोठ्या कौशल्याने साधली, आणि दुसरी वाटेत हरवली. नाटकातल्या म्हाताऱ्याचे शरीर तर दिसतही नव्हते, मुखवट्याखाली आणि पायघोळ कपड्याखाली झाकलेले होते. पण तो बोलत होता आणि हजारो लोक ऐकत होते.

म्हणून शेवटी पुन्हा सोफोक्लीसच्या नाटकाकडे जायला हवे. ईडिपसची आधीची कथा मराठी वाचकाला परकी नाही. नकळत बापाला मारणारा आणि आईशी लग्न करणारा हा राजा. त्याचे पहिले नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. कोलोनसचे नाटक त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडते. डोळे फोडून घेतलेला ईडिपस आता म्हातारा झाला आहे, भीक मागतो, आणि मुलगी अँटिगोनी त्याला धरून हिंडते. आजच्या आपल्या भाषेत तीच त्याची मेतापेलेत. अथेन्सजवळच्या कोलोनस या गावी, म्हणजे सोफोक्लीसच्या जन्मगावी, ते येतात. गावचे म्हातारे, म्हणजे कोरस, धावत येतात. त्यांचे प्रश्न असे : तू कोण, कुठला, कोणाचा मुलगा? तो नाव सांगायला कचरतो. आधी त्यांनी त्याला कोणी हात लावणार नाही असा शब्द दिलेला असतो. नाव ऐकताच तेच म्हणतात, चालता हो.

हा प्रसंग वाचताना आपल्या समाजाला १९६० च्या दशकाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. परत आलेल्या माणसांना तेव्हा विचारले गेले, तुमचे कूळ काय, आईची आई कोण, लग्ने कोणाशी झाली. उपोषणे झाली, धरणी झाली, आणि १९६४ साली क्नेसेतने स्पष्ट केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. आपल्यावर ईडिपससारखे पाप नव्हते, हा फरक मोठा आहे. पण दारात उभ्या असलेल्या थकल्या माणसाला पाण्याआधी वंशावळ विचारणे काय असते, ते सोफोक्लीसला ठाऊक होते. त्याने तो प्रश्न आपल्याच गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी घातला आहे, परक्यांच्या नव्हे. गावाचे कौतुक त्याने याच नाटकात भरभरून केले आहे, तरी ही गोष्ट टाळलेली नाही.

अथेन्सचा राजा थीसियस मात्र वेगळा वागतो. आपणही परक्या भूमीत वाढलो हे तो विसरलेला नाही. तो ईडिपसला आसरा देतो. मग दोन पाहुणे येतात. पहिला क्रेऑन, ईडिपसच्या थीब्ज गावचा. ज्याच्याकडे ईडिपसची कबर त्याचे रक्षण होईल, असा देवाचा कौल झाला आहे. म्हणून क्रेऑनला तो परत हवा आहे, पण गावाच्या आत नव्हे, सीमेवर, हाताशी राहील इतक्याच अंतरावर. म्हाताऱ्याचा उपयोग हवा, म्हातारा नको. दुसरा पाहुणा त्याचा मुलगा पॉलिनायसीस. वडिलांना घरातून बाहेर काढले गेले तेव्हा त्याने काही केले नाही, आता भावाशी लढाई आहे म्हणून आशीर्वाद हवा आहे. ईडिपस त्याला शाप देतो, आणि तो शाप फार कडक आहे. इथे आम्हांला सोफोक्लीसचा मोठेपणा दिसतो. त्याने म्हाताऱ्याला संत केलेले नाही. हा माणूस रागीट आहे, हट्टी आहे, जुने काही विसरत नाही. तरीही त्याचे ऐकून घ्यायलाच हवे.

मग ढग गडगडतात. ईडिपसला कळते की वेळ आली. आतापर्यंत ज्याला दुसऱ्याने धरून चालवले, तो आंधळा आता पुढे होतो आणि डोळस माणसे त्याच्या मागून चालतात. हा प्रसंग रंगमंचावर दिसतो. मृत्यू दिसत नाही. जासूद येऊन सांगतो की ईडिपसने मुलींचा निरोप घेतला, तुम्ही सोसलेले सगळे कष्ट मायेने भरून निघाले असे त्यांना सांगितले, आणि थीसियसखेरीज सगळ्यांना दूर पाठवले. त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा ईडिपस नव्हता, आणि थीसियस डोळ्यांपुढे हात धरून उभा होता. ऑलिंपियाच्या म्हाताऱ्याचा हात गालाजवळ, इलिसोसच्या बापाचा दाढीजवळ, आणि हा. कबर कुठे आहे ते फक्त थीसियसला ठाऊक. मोशे रब्बेनूंच्या कबरीची जागा कोणाला ठाऊक नाही, हे आपण दरवर्षी तौरातच्या शेवटी ऐकतो. ग्रीकांच्या या गोष्टीत आपल्याला त्यामुळे परके वाटत नाही. जिथे कबरच दिसत नाही तिथे पुतळा कशाचा उभारणार? दगडाला इथे कामच उरत नाही. जे काही राहते ते ऐकलेल्या शब्दांत राहते.

सिसेरोने म्हातारपणावरच्या आपल्या पुस्तकात एक गोष्ट सांगितली आहे. सोफोक्लीसच्या मुलांनी त्याला कोर्टात खेचले, की यांची बुद्धी गेली आहे, घरचा कारभार यांच्या हातून काढावा. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. नुकतेच लिहिलेले हे कोलोनसचे नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवले आणि विचारले, हे बुद्धी गेलेल्या माणसाचे लिखाण वाटते का? त्याची निर्दोष सुटका झाली. गोष्ट बहुधा रचलेली असावी. पण रचणाऱ्याला नाटक नीट कळले होते. म्हाताऱ्याने आपला तरुणपणीचा पुतळा पुढे केला असता, तर तो खटला हरला असता.

आपल्या घरांतूनही भिंतीवर आपल्या लग्नाचे फोटो असतात. नातवंडे पाहतात आणि म्हणतात, आजी, तू किती सुंदर होतीस. ते बोलणे गोड लागते, पण फोटो पाहून झाला की नात पुन्हा आपल्या टेलिफोनमध्ये डोके घालते. अहरोन शब्ताय यांनी ग्रीक शोकांतिका मूळ ग्रीकमधून हिब्रूत आणल्या आहेत, आणि वाचनालयांत त्या मिळतात. आमची सूचना अशी की कोलोनसचे नाटक मागवून घ्यावे आणि एखाद्या शुक्रवारी दुपारी नातीला घेऊन बसावे. अँटिगोनीची वाक्ये तिने वाचावीत, ईडिपसची आपण. हिब्रू अडखळले तरी चालेल, ईडिपसही त्या गावात परकाच होता. आणि ज्या ठिकाणी गावकरी विचारतात की तू कोण आणि कुठून आलास, तिथे पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवून तिला आपले स्वतःचे उत्तर सांगावे.